रविवारी फिरते, मग सोमवारी का नाही?

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात वर्गातल्या एकाने लिहिलं, "रविवारी तलावपाळीला फिरताना दिसते आणि सोमवारी म्हणे ऑफिसला येववत नाही. झेपत नसेल तर राजीनामा द्यावा, घरी आराम करावा." तो ऐरोलीत मॅनेजर आहे. हे त्याच्या टीममधल्या एका मुलीबद्दल होतं, तिला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. खाली भराभर अंगठे आले. इकडे इंग्लंडात, रेडिंगमध्ये ओट्यापाशी उभ्याने मी ते वाचलं, चहा तसाच गार झाला.

रविवारी चालली म्हणून सोमवारी चालायलाच हवी, हा हिशेब या आजारात चालत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंवरचं आवरणच कुरतडते. संदेश कधी पोचतात, कधी अडखळतात, आणि अंग तापलं की जास्तच अडखळतात. मे महिन्यात ठाणे स्टेशनचा पूल चढून ट्रान्सहार्बर लोकल पकडायची, ऐरोलीला उतरून रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं. ऑफिसात पोचेपर्यंत दिवसभराची ताकद संपते. समोरची अक्षरं पुसट होतात. गार जागी थोडं बसलं की बहुतेकदा परत नीट दिसू लागतात. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला यातलं काही कळत नाही. मला कळतं, कारण मलाही एमएस आहे. सहा वर्षं झाली.

इथे 2010 च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टनुसार एमएसचं निदान झाल्या दिवसापासून तुम्ही दिव्यांग धरले जाता, अजून चालता येतंय की नाही यावर ते ठरत नाही. कंपनीत कर्मचाऱ्यांची तब्येत बघणाऱ्या, ऑक्युपेशनल हेल्थच्या बाईंनी तासभर माझं ऐकून घेतलं. पुढच्याच आठवड्यात माझं टेबल खिडकीच्या उन्हातून हललं, टेबलावर पंखा आला, कामाची वेळ साडेदहाची झाली आणि दुपारी वीस मिनिटं आडवं व्हायला फर्स्ट एडची खोली मिळाली. एवढ्यावर मी आजही पूर्ण पगाराचं काम करते. कंपनीला खर्च किती आला? एका पंख्याचा.

इथल्या कायद्याबद्दल ग्रुपवर लिहिलं तर उत्तर आलं, "तुमच्याकडे कायदे आहेत गं." आपल्याकडेही आहेत! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, हुद्दाही उतरवता येत नाही. खाजगी कंपनीलाही समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. आपल्या कंपनीचं ते धोरण त्या मॅनेजरने एकदा तरी वाचलंय का? हा आजार बहुतेकदा विशी ते चाळिशीत गाठतो, बायकांना जास्त. नोकरीत जम बसत असतो, घोडबंदरच्या फ्लॅटचा हप्ता सुरू झालेला असतो, त्याच वयात. तेव्हा "आराम कर" म्हणणं म्हणजे तिला त्या फ्लॅटमध्ये कायमचं बसवणं.

माणसं वाईट नाहीत, हे मला ठाऊक आहे. आई आजारी होती तेव्हा नौपाड्यातल्या शेजाऱ्यांनी महिनाभर डबे पुरवले. रेडिंगच्या माझ्या गल्लीत कुणी वाटीभर वरणही आणून देणार नाही. पण आजारी माणूस उद्या कामावर येणार आहे, त्याला यायचं आहे, हे त्याच शेजाऱ्यांना पटत नाही.

त्या मुलीसाठी ग्रुपवर मी खूप भांडले. मला आहे, एवढं मात्र लिहिलं नाही. इथे माझ्या मॅनेजरला पहिल्या आठवड्यात सांगितलं, ठाण्यात सहा वर्षांत कुणालाच नाही. आता हे वाचून कळेल.

गेल्या मे महिन्यात भाच्याच्या मुंजीला आले होते. घडीची काठी बॅगेत तळाशी, साडीच्या पिशवीत गुंडाळून ठेवली होती, ती तिथेच राहिली. मावशीच्या जुन्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मी कठडा धरून उभी राहिले, तशी ती मागे वळून म्हणाली, "दमलीस? तिकडे राहून जिन्याची सवयच गेली तुझी."

मी म्हटलं, "हो गं मावशी."