दरवाढीचा ईमेल म्हणजे शेवटचा शब्द नव्हे

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘सबस्क्रिप्शनचे दर कंपनी वाट्टेल तेव्हा वाढवणार. साइन-अप करताना तुम्हीच अटी मान्य केल्यात. आता मुकाट्याने भरा, नाहीतर सोडा. ॲप डिलीट केलं, कार्ड ब्लॉक केलं की विषय संपला.’ असलं वाचून लोक हात टेकतात, आणि कंपन्यांना तेच हवं असतं. म्हणून यातला एकेक मुद्दा घेतो.

अटी मान्य केल्यात हे खरं. पण अटींत लिहिलेलं सगळंच कायद्यापुढे टिकतं असं नाही. नेटफ्लिक्स आणि स्पॉटिफाय यांच्या जर्मनीतल्या करारांत दर बदलण्याची मुभा देणारी कलमं होती. बर्लिनच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये ती अवैध ठरवली. तुमच्याकडचा कायदा वेगळा असेल, तो बघाच. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. ॲपलने २०२२ मध्ये ॲप स्टोअरवरून घेतलेल्या सबस्क्रिप्शनचा नियम बदलला. तेव्हापासून ठरावीक मर्यादेतली वाढ, कायद्याची आडकाठी नसेल तिथे, ग्राहकाला फक्त कळवून लागू करता येते; वेगळा होकार घ्यावा लागत नाही. म्हणजे तिथे तुम्ही गप्प राहिलात की वाढ मान्य झाली. ‘तुमच्या प्लॅनमधले बदल’ असा गुळमुळीत विषय असलेला ईमेल न उघडता पुढे सरकू नका. नवा दर आणि तो लागू होण्याची तारीख खालच्या परिच्छेदात असू शकते.

‘भरा नाहीतर सोडा’ हे तर सर्वांत नुकसान करणारं वाक्य. मायक्रोसॉफ्ट ३६५ (वर्ड, एक्सेल वगैरेंचा संच) मध्ये कोपायलट हा एआय मदतनीस घालून ऑस्ट्रेलियात वैयक्तिक प्लॅनचा वार्षिक दर ४५ टक्क्यांनी वाढवला गेला. ग्राहकांना दोनच पर्याय कळवले: जास्त भरा किंवा रद्द करा. जुन्या दराचा, कोपायलट नसलेला ‘क्लासिक’ प्लॅनही होता, पण तो दिसायचा रद्द करायची प्रक्रिया सुरू केल्यावरच. असा आरोप ठेवून तिथल्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने २०२५ मध्ये खटला भरला. सुमारे २७ लाख ग्राहकांचा प्रश्न होता. कंपनीने मग माफी मागितली, परतावाही देऊ केला. तेव्हा वाढ पटली नाही तर ‘रद्द करा’ दाबून पुढचं पान बघा. शेवटचं बटण दाबेपर्यंत सहसा काही बंद होत नाही. सवलत किंवा खालचा प्लॅन समोर येऊ शकतो. जुन्या ग्राहकांना जुनाच दर चालू असेल, तर मात्र सोडण्याआधी विचार करा. परत आल्यावर तो मिळेलच असं नाही.

राहिला ॲप डिलीट करण्याचा सल्ला. तो साफ चुकीचा. ॲप गेलं तरी सबस्क्रिप्शन चालूच राहतं. कार्ड ब्लॉक केल्यानेही करार रद्द होत नाही. शिवाय व्हिसा, मास्टरकार्ड यांच्या सेवांमधून बदललेल्या कार्डाचा नंबर कंपनीपर्यंत आपोआप पोचू शकतो. ज्या ॲप स्टोअरच्या किंवा वेबसाइटच्या खात्यातून सबस्क्रिप्शन घेतलंत तिथेच जाऊन, नूतनीकरणाच्या निदान दोन दिवस आधी, रद्द करा. पैसे भरलेल्या मुदतीपर्यंत सेवा बहुधा मिळतच राहते. रद्द झाल्याचा ईमेल जपून ठेवा आणि पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट त्याच्याशी ताडून बघा.