कॉमन कोअरमुळे इतिहास बुडाला, हे खरे नाही

अमेरिकेतल्या शाळांबद्दल एक दावा पालकांमध्ये वर्षानुवर्षे फिरतो आहे: कॉमन कोअर, म्हणजे मुलांना कोणत्या इयत्तेत काय यायला हवे याचे राज्याराज्यांतले समान निकष, आले आणि इतिहास बुडाला; काय शिकवायचे ते वॉशिंग्टन, म्हणजे केंद्र सरकार, ठरवते, सनावळी गेली, मुले नुसते उतारे वाचतात.

‘वॉशिंग्टन ठरवते.’ नाही. हे निकष २०१० मध्ये राज्यांचे गव्हर्नर आणि शिक्षणप्रमुख यांच्या संघटनांनी आणले, तेही भाषा आणि गणितासाठी. सहावी ते बारावीच्या इतिहासाला त्यातले वाचनाचे १० निकष आणि लेखनाचे काही निकष लागू होतात. कोणते युद्ध, कोणता राष्ट्राध्यक्ष, याची यादी त्यांत नाही. ती प्रत्येक राज्य करते. टेक्सासने तर कॉमन कोअर स्वीकारलेच नाही. केंद्राचा दबाव मात्र होता. ‘रेस टू द टॉप’ या केंद्राच्या अनुदान स्पर्धेत समान निकष घेणाऱ्या राज्यांना गुण मिळत. २०१५ च्या कायद्याने असा दबाव आणायला मनाई केली.

‘सनावळीची गरज उरली नाही.’ राष्ट्राध्यक्ष लिंकनचे यादवी युद्धातले गेटिसबर्गचे भाषण घ्या, १९ नोव्हेंबर १८६३. सुरुवातच हिशेबाने होते: चार विसा आणि सात वर्षांपूर्वी. वीस-वीसचे गट करून, आपल्याकडे जुनी माणसे मोजत तसेच. १८६३ मधून ८७ वजा करा, १७७६ येते. राज्यघटना १७८७ ची. तिथून मोजले असते तर ७६ वर्षे झाली असती. लिंकनने राष्ट्राचा जन्म गुलामगिरीला संरक्षण देणाऱ्या घटनेपासून न धरता ‘सर्व माणसे समान’ म्हणणाऱ्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून धरला. ‘मजकुरातून पुरावा द्या’ हा पहिला निकष इथे सन पाठ असल्याशिवाय पुरा होत नाही.

‘इतिहासाच्या शिक्षकाला भाषेचा शिक्षक केले.’ बारावीला ७० टक्के वाचन माहितीपर (कथा-कवितेऐवजी माहिती देणारे) असावे, असे कॉमन कोअर म्हणते, पण हा आकडा सगळे विषय मिळून आहे. इतिहासाचा सहावा निकष लेखकाचा दृष्टिकोन तपासायला सांगतो. अमेरिकेतून फुटलेल्या दक्षिणी राज्यांचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च १८६१ मध्ये गुलामगिरीलाच फुटीचे तात्कालिक कारण म्हणतो. युद्ध हरल्यावर, १८६८ मध्ये, तोच माणूस लिहितो की खरा झगडा शासनपद्धतीचा होता. मधल्या सात वर्षांत काय बदलले, हा प्रश्न अस्सल इतिहासाचाच आहे.

खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो आम्हाला मान्य आहे. गेटिसबर्गच्या एका नमुना पाठात पार्श्वभूमी न सांगता थेट मजकूर वाचायला देण्याची सूचना होती. तसे केले की वजाबाकी जमते, पण १७७६ मध्ये काय झाले ते वर्गात निम्म्यांना आठवत नाही. घरी इतिहासाची पुस्तके असलेली मुले बोलतात, बाकीची गप्प बसतात. पण ही सूचना पाठाची होती, निकषाची नव्हे. ती सुधारता येते.

४५ मिनिटांच्या तासाला पहिली ७ मिनिटे फळ्यावर नकाशा आणि चार सनांना द्या: १७७६, १७८७, १८६१, १८६३. गेटिसबर्गची लढाई १ ते ३ जुलै १८६३ ला झाली आणि भाषण तिथल्या दफनभूमीच्या अर्पणसोहळ्यात झाले, एवढे सांगा. लिंकनच्या म्हणण्याचा अर्थ सांगू नका. मग दोनदा वाचन: एकदा तुम्ही मोठ्याने, एकदा मुले पेन्सिल घेऊन. वजाबाकी मुलांनाच करू द्या. शेवटची १२ मिनिटे लेखी उत्तराला राखा: एक विधान, त्याच्या आधाराला मजकुरातले दोन शब्दप्रयोग आणि फळ्यावरचा निदान एक सन. सन नसेल तर वही परत द्या.