लपवण्यासारखं काही नाही ना? मग झालं तर!

पुढची साथ आली आणि संपर्क शोधणारं अ‍ॅप निघालं, की डोळे मिटून डाउनलोड करा. अटी-शर्ती वाचायला बसू नका. लोकेशन, कॉन्टॅक्ट्स, कॅमेरा, मागतील ते देऊन टाका. विषाणूला तुमच्या फोटो गॅलरीत काय रस, असले खवचट प्रश्न निरोगी माणसाला पडत नसतात.

सावध राहायचंच, तर त्या ब्लूटूथवाल्यांपासून राहा. 2020 मध्ये अ‍ॅपल आणि गूगलने मिळून काढलेली पद्धत बघा: तुमचा फोन दर दहा-वीस मिनिटांनी बदलणारा एक निरर्थक आकडा आसपास सोडतो, जवळचे फोन तो टिपून ठेवतात, आणि कुणी बाधित निघालाच तर जुळणी तुमच्याच फोनमध्ये होते. तुम्ही कुणाला, कुठे भेटलात, याचा सर्व्हरला पत्ताच नाही! एवढी साथ येऊन जायची आणि आपल्याबद्दल कुणाला काहीच कळू नये, म्हणजे फुकटच गेली म्हणायची.

नॉर्वेने तर हातचं घालवलं. तिथल्या अ‍ॅपने जीपीएसवरून लोकांचा ठावठिकाणा गोळा केला होता. जून 2020 मध्ये डेटा संरक्षण प्राधिकरणाने डोळे वटारले, तर यांनी अ‍ॅप थांबवून सगळा साठा पुसून टाकला. घाबरट कुठले.

शिकावं सिंगापूरकडून. डेटा फक्त संपर्क शोधायलाच वापरणार, असं तिथे लोकांना आधी सांगितलं. जानेवारी 2021 मध्ये संसदेत उघड झालं, की गुन्ह्यांच्या तपासासाठी पोलिसांनाही तो मागता येतो, आणि एका खुनाच्या तपासात मागितलाही होता. पुढच्याच महिन्यात कायदा करून सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरती परवानगी ठेवली. आधी डेटा, मग कायदा. क्रम लक्षात ठेवा, उलटं केलं तर डेटा मिळत नाही.

‘माहिती निनावी आहे’ असं सांगितलं, की लगेच निश्चिंत व्हा. 2013 च्या एका अभ्यासात पंधरा लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासल्या. माणूस कधी कुठे होता, अशा चार नोंदी हाताशी असल्या की 95 टक्के लोक त्या गर्दीतून वेगळे काढता येत होते. घर, ऑफिस, दवाखाना आणि जिथे गेल्याचं घरी सांगितलं नव्हतं ती जागा. झाले चार.

साथ ओसरल्यावर डेटा कधी पुसणार, हे विचारायची खुमखुमी आलीच, तर हेल्पलाइन आहे. फोन केल्यावर आधी ते नाव, जन्मतारीख आणि ओटीपी विचारतील. सांगून टाका.