आत्याचं वय झालं नव्हतं, रक्त कमी होतं

खानापूर तालुक्यातला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. जुलैत कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते आणि घरोघरी एखादं म्हातारं माणूस खोकत बसलेलं असतं. यंदा आमच्यात ती पाळी आत्यावर आली. वय ७२, माळकरी, एकादशी कधी चुकवली नाही. न्यूमोनिया झाला म्हणून बेळगावात आणून ॲडमिट केलं. आठ दिवसांत ताप गेला, छातीचा फोटो सुधारला, घरी सोडलं. जीव वाचवला त्यांनी, हे आधी कबूल करतो.

पण महिना झाला तरी बाई उठेना. न्हाणीपर्यंत गेली की भिंत धरून उभी. "दम लागालाय रे," एवढंच म्हणायची. फेरतपासणीला नेलं तर तिथं कन्नडमध्ये ऐकलं, "वयस्सागेद्रि." घरी भेटायला येणारे तेच मराठीत म्हणायचे, वय झालं. सीमाभागात दोन्ही भाषांचं एकमत व्हायला हाच विषय सापडला! कोविडात घेतलेलं ऑक्सिमीटर बोटाला लावलं की प्राणवायू ९७ टक्के दाखवायचं, त्यामुळं आम्हीही गप्प.

शेवटी टिळकवाडीतल्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडे फाइल घेऊन गेलो. त्यांनी मधलंच एक पान काढून माझ्यापुढं धरलं. हिमोग्लोबिन ८.२, तेही ॲडमिट केल्या दिवशीचं. बायकांचं १२ च्या आणि पुरुषांचं १३ च्या खाली गेलं की ॲनिमिया, म्हणजे रक्त कमी, धरतात, मग वय ३० असो की ७२. डिस्चार्ज कार्डावर याबद्दल एक शब्द नव्हता. असता तरी कार्ड इंग्रजीत, आत्या ते कशाला वाचते! पाट्यांच्या भाषेवरून आपण इतकी वर्षं भांडतोय, दवाखान्यातून घरी येणाऱ्या कागदाच्या भाषेवरून मात्र कुणाला राग आलेला मी पाहिला नाही.

मग ऑक्सिमीटर ९७ कसं दाखवत होतं? डॉक्टर म्हणाले, उसाच्या ट्रॉल्या धर. ते यंत्र फक्त ट्रॉल्या किती भरल्यात ते सांगतं, ट्रॉल्या आहेत किती हे त्याला कळत नाही. प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनच एवढं कमी झालं, तर भरलेल्या ट्रॉल्या घेऊनही कारखाना उपाशीच राहणार. त्यात न्यूमोनियातून उठणाऱ्या म्हाताऱ्या फुप्फुसांना पूर्ववत व्हायला दोन-तीन महिनेसुद्धा लागतात.

दुसरी गोष्ट मला अजिबात ठाऊक नव्हती. जंतुसंसर्ग झाला की यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं आणि शरीर आपलं लोह कोठारात कोंडून ठेवतं, कारण जंतूंनाही लोह लागतं. तेवढ्या दिवसांत फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासलं तर आकडा फुगून येतो आणि लोह भरपूर आहे असं वाटतं. म्हणून त्यांनी ती तपासणी आजार ओसरल्यावर पुन्हा करायला लावली. कोठार रिकामं निघालं.

पण रिकामं झालं कशानं? गुडघे दुखतात म्हणून आत्या कित्येक वर्षं मेडिकलमधून गोळ्या आणून खात होती. दुर्बीण घालून पाहिलं तर त्या गोळ्यांनी जठरात व्रण, तिथून थेंब-थेंब रक्त जात असणार. त्यात माळकरी, मांसमच्छी वर्ज्य, म्हणून रक्त तयार व्हायला लागणारं बी-१२ जीवनसत्त्व पण कमी. हे सगळं न्यूमोनियाच्या आधीपासूनचं होतं, आणि आम्ही "वय झालं" म्हणून मोकळे.

या काळात पाहुण्यांनी आणलेल्या बीटांवर एखादं लग्न निघालं असतं. लाल रंग म्हणजे रक्त, हा हिशोब कुणी काढला कुणास ठाऊक. बीटात लोह बेताचंच असतं, त्यापेक्षा आपला हुलगा बरा, वर लिंबू पिळून. आणि गंमत म्हणजे रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२ घातलेले दाणे मिसळलेले असायचे, शंभराला एक. ते "प्लास्टिकचे" म्हणून आत्याच वेचून टाकायची!

गुडघ्याच्या गोळ्या बंद झाल्या, व्रणाचं औषध, बी-१२ ची इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दिवाळीला हिमोग्लोबिन ११.१ होतं. कोठार भरायला गोळ्या अजून तीन महिने घ्यायच्या आहेत. आता ती देवळापर्यंत एकटी जाऊन येते. भांडण फक्त चहावरून होतं, कारण चहानं लोह अंगी लागत नाही आणि गोळीच्या आगंमागं तो द्यायचा नाही असं ठरलंय. काल मला म्हणाली, "एकादशीलाबी चहा चालतोय, तुझ्या गोळीला का चालत नाही?"