'ज्याचा दाब कमी, तोच लिमिटिंग रिएजंट' हे खरं नाही

परीक्षा जवळ आल्या की अकरावी-बारावीच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक 'शॉर्टकट' फिरू लागतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण मजकूर साधारण असा: 'वायूंच्या गणितात मोल काढत बसू नका. ज्याचा दाब कमी, तोच लिमिटिंग रिएजंट. मोल लागलेच तर लिटरला २२.४ ने भागा. वस्तुमान टिकतं, म्हणून एकूण दाबही बदलत नाही. पाणी तयार झालं तर तेही वायू धरून दाबात मिळवा.' (लिमिटिंग रिएजंट म्हणजे अभिक्रियेत सर्वांत आधी संपणारा पदार्थ; मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजायचं एकक.) या शॉर्टकटमधली चारही विधानं चुकीची आहेत, आणि मुलं ती जशीच्या तशी पाठ करतात याचं मला फार वाईट वाटतं.

पहिलं विधान सर्वांत घातक. अमोनियाचंच समीकरण घ्या: एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन मिळून दोन अमोनिया. बंद भांड्यात नायट्रोजन २ बार आणि हायड्रोजन ३ बार आहे (बार हे दाबाचं एकक). शॉर्टकटप्रमाणे नायट्रोजन आधी संपणार. पण २ बार नायट्रोजन संपवायला ६ बार हायड्रोजन लागतो आणि आपल्याकडे आहे ३. म्हणजे हायड्रोजनचा उरलेला दाब उणे ३ बार! असा दाब जगात कुठल्याही भांड्यात नसतो. प्रत्येक दाबाला समीकरणातल्या त्याच्या सहगुणकाने, म्हणजे त्या वायूच्या आधीच्या आकड्याने (इथे १ आणि ३), भागायचं, मग तुलना करायची. नायट्रोजनचे २, हायड्रोजनचा १, म्हणून संपतो हायड्रोजन. अभिक्रिया पूर्ण होते असं गणितात दिलं असेल तर उरतो १ बार नायट्रोजन आणि तयार होतो २ बार अमोनिया. (प्रत्यक्ष कारखान्यात ती समतोलाला येऊन अर्ध्यावरच थांबते, पण तो धडा वेगळा.)

या विधानात खऱ्याचा एक अंश आहे, म्हणूनच ते टिकून आहे. भांडं एकच आणि तापमान एकच असेल तर आंशिक दाब (मिश्रणातल्या एकेका वायूचा स्वतःचा दाब) मोलच्या प्रमाणातच असतो, त्यामुळे मोल न काढता थेट दाबावर गणित करता येतं. मात्र ही अट फॉरवर्डमध्ये कधीच नसते. व्हॉल्व्हने जोडलेली दोन भांडी घ्या. चार लिटरच्या भांड्यात नायट्रिक ऑक्साइड १ बार, एक लिटरच्या भांड्यात ऑक्सिजन १ बार, तापमान सारखंच. दोन नायट्रिक ऑक्साइडला एक ऑक्सिजन लागतो. आता नुसत्या दाबांना सहगुणकाने भागलं तरी उत्तर चुकतं: नायट्रिक ऑक्साइडचा अर्धा, ऑक्सिजनचा एक, म्हणजे नायट्रिक ऑक्साइड संपणार असं दिसतं. व्हॉल्व्ह उघडल्यावर दोन्ही वायू पाच लिटरमध्ये पसरतात आणि दाब होतात ०.८ व ०.२ बार. सहगुणकाने भागल्यावर ०.४ आणि ०.२. संपतो तो ऑक्सिजन! शेवटी ०.४ बार नायट्रिक ऑक्साइड उरतो आणि ०.४ बार तांबूस-तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. मिसळल्यानंतरचा दाब आधी काढा, लिमिटिंग रिएजंट नंतर शोधा. हा क्रम उलटला की सगळं गणित गेलं.

एका मोल वायूला २२.४ लिटर हा आकडा ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर दाबाचा. आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार केला, त्या हिशेबाने २२.७. आणि २७ अंशांना, १ बारला एक मोल वायू जवळपास २४.९ लिटर जागा घेतो. सगळेच अभिक्रियाकारक वायू असतील तर ही चूक दोन्ही बाजूंना सारखी होते आणि झाकली जाते. एखादा घन असला की उघडी पडते. १०.२ ग्रॅम मॅग्नेशियम आणि २७ अंशांना, १ बारला ५ लिटर ऑक्सिजन घ्या. दोन मॅग्नेशियमला एक ऑक्सिजन लागतो. मॅग्नेशियम ०.४२ मोल, सहगुणक दोन, म्हणजे ०.२१. २२.४ ने भागलं तर ऑक्सिजन ०.२२३ मोल, मग मॅग्नेशियम संपेल. खरा ऑक्सिजन ०.२० मोल आहे, आणि संपतो तोच.

एकूण दाबाबद्दल फार लिहायला नको. वस्तुमान टिकतं, रेणूंची संख्या टिकेलच असं नाही, आणि दाब संख्येवर ठरतो. वरच्या अमोनियात ५ बारचे ३ बार झाले. हायड्रोजन आणि क्लोरिनपासून हायड्रोजन क्लोराइड होताना दाब तेवढाच राहतो, कारण दोन रेणूंचे दोनच होतात.

पाण्याचं मात्र नीट पाहायला हवं. २५ अंशांना ०.४ बार हायड्रोजन आणि ०.३ बार ऑक्सिजन घेतले, ठिणगी दिली आणि भांडं पुन्हा २५ अंशांवर आणलं. दोन हायड्रोजनला एक ऑक्सिजन लागतो, म्हणून हायड्रोजन संपला, ऑक्सिजन ०.१ बार उरला. शॉर्टकट म्हणतो पाण्याचे ०.४ मिळवा, एकूण ०.५ बार. पण २५ अंशांना पाण्याची वाफ ०.०३२ बारच्या वर राहूच शकत नाही, बाकीचं पाणी द्रवरूपात भांड्याच्या आतल्या बाजूला जमतं. खरं उत्तर साधारण ०.१३ बार. पाण्यावर गोळा केलेल्या वायूच्या गणितातही हाच आकडा, फक्त तिथे तो एकूण दाबातून वजा करायचा.

'पण वेळ वाचतो,' असं यावर हमखास ऐकायला मिळतं. समीकरणाखाली तीन ओळी लिहा: सुरुवातीचा दाब, बदल, शेवटचा दाब. अमोनियाच्या गणितात बदलाची ओळ उणे १, उणे ३, अधिक २ अशी येते. ती लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत चुकलेल्या उत्तराचा एक गुण कापला जातो.