कुंडीत उगवली ती कुटकी कोणती?

‘यकृतावर रामबाण कुटकी, इंदूरच्या गच्चीवर तीन महिन्यांत तयार’ असा निरोप बियांच्या पुडीच्या फोटोसह आपल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

औषधी कुटकी हिमालयात साधारण ३,००० मीटरच्या वर उगवणारी बहुवर्षायू वनस्पती. आपलं इंदूर जेमतेम साडेपाचशे मीटरवर, त्यात मे महिन्याचं ऊन! तिकडेही लागवड बहुतेक जमिनीलगतच्या खोडाचे तुकडे लावूनच करतात आणि काढणीला तीनेक वर्षं थांबतात. बेसुमार उपशामुळे १९९७पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे.

मग पुडीत काय? शेजारच्या काकूंच्या कुंडीत चौथ्या दिवशीच गवतासारखी पाती वर आली. औषधी कुटकीची पानं चमच्यासारखी, दातेरी कडांची असतात. मध्यप्रदेशात ‘कोदो-कुटकी’तली कुटकी म्हणजे बारीक भरडधान्य, फोटोतले दाणेही तसेच दिसतात. नाव एक, झाडं दोन. धान्य म्हणून ती उत्तमच, भात करून खा की!

आरोग्यवर्धिनी या आयुर्वेदिक औषधात पडते ती कुटकी वेगळी. तिचा करड्या-तपकिरी मुळीचा तुकडा जिभेला लावून बघा, जेवणापर्यंत तोंड कडू राहील. पण काढे मात्र वैद्यांना विचारूनच.