निवेदक हवाच
‘अ‍ॅपवर हवी ती गाणी मिळतात, मग रेडिओला निवेदक कशाला?’ हे लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरात आम्ही कळव्यात होतो. वीज गेलेली, मोबाईल लागेना, बाबा मुंबईत अडकलेले. सेलवरच्या ट्रान्झिस्टरवर निवेदक लोकांचे निरोप वाचून दाखवत होते. आई रात्रभर तो कानाशी धरून बसली होती. बाबांचा निरोप काही आला नाही, पण कुणीतरी जागं आहे एवढाच आधार होता. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण पाऊस आणि वाहतूक सांगता येते. घोडबंदर रोडला अडकल्यावर मी आजही तेच ऐकते. निवेदकांनो, फक्त फोनवरून लोकांची फिरकी घेणं बंद करा, आणि मराठी जरा जास्त बोला.